शेजारच्या शेडला लागू पडलेलं औषध आपल्या शेडला का पडत नाही?

पावसाळा लागला की खानदेशात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. असोद्यासारख्या गावात कुणाच्या अंगणात दहा-बारा गावरान कोंबड्या असतात, तर कुणी मळ्यात ब्रॉयलरची शेड टाकलेली असते. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा पिल्लं उष्म्यानं धापा टाकतात, पण हगवण फारशी दिसत नाही. मग पाऊस येतो, शेडमधला तूस ओलसर होतो आणि तीन-चार आठवड्यांची पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा होऊन बसू लागतात. विष्ठेत रक्त दिसतं. मरतुक सुरू होते. लगेच पाण्यातून औषध दिलं जातं. एका शेडमधली पिल्लं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा दाण्यावर येतात. बांधापलीकडच्या शेडमध्ये औषध तेच, मात्रा तीच, दुकानही तेच, तरी मरतुक थांबत नाही. आणि अंगणातली गावरान कोंबडी औषधाच्या थेंबाशिवाय उकिरडा उकरत हिंडत असते.

अशा वेळी दोष बहुधा औषधावर जातो. बनावट निघालं, मुदत संपलेलं होतं, असं म्हटलं जातं. कधी ते खरंही असतं. पण औषध चोख असतानाही असं घडू शकतं, कारण दोन शेडमधल्या रोगाचं नाव एकच असलं तरी त्या शेडमधला परजीवी एकसारखा असेलच असं नाही. हा फरक परजीवीच्या जनुकांत असतो. तो कसा तयार होतो हे कळलं, तर तो वाढवण्यात आपला हात किती असतो हेही कळतं.

खानदेशात कोंबडीचा रोग म्हटलं की लोकांना नवापूर आठवतं. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१मध्ये पुन्हा तीच वेळ आली. तो विषाणूचा रोग आहे. तो येतो तेव्हा सगळा जिल्हा जागा होतो. रक्ती हगवणीची बातमी कुणी छापत नाही, पण ती दर बॅचला थोडं थोडं वजन आणि थोडा थोडा नफा खात राहते. जगभरातल्या कोंबडीपालनाचं या रोगानं होणारं नुकसान २०१६च्या किमतींनुसार वर्षाला सुमारे १,०४० कोटी पौंड होतं, असा अंदाज संशोधकांनी २०२०मध्ये मांडला. यात मेलेल्या पिल्लांपेक्षा न भरलेल्या वजनाचा आणि वाया गेलेल्या खाद्याचा वाटा मोठा आहे.

एक रोग, सात गुन्हेगार

रक्ती हगवणीला पशुवैद्यक कॉक्सिडिओसिस म्हणतात. तो जिवाणूंमुळे होत नाही आणि विषाणूंमुळेही होत नाही. आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवींमुळे तो होतो. हिवतापाचा परजीवी या आयमेरियाचा लांबचा नातलग आहे. पण हिवतापाला डास लागतो, आयमेरियाला मधला कुणीच लागत नाही. कोंबडीच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि चोचीतून पुन्हा आत जातो. माणसाला तो होत नाही. शेळीला आणि सशाला त्यांचे त्यांचे वेगळे आयमेरिया असतात, ते कोंबडीला लागत नाहीत.

कोंबडीला ग्रासणाऱ्या आयमेरियाच्या सात जाती पूर्वापार मानल्या जातात आणि त्यांनी आतड्याची जणू वाटणी करून घेतली आहे. अॅसर्व्हुलिना आतड्याच्या सुरुवातीच्या भागात राहते, मॅक्झिमा मधल्या भागात. टेनेला ही जात आतड्याच्या शेवटी असलेल्या दोन बंद पिशव्यांत वाढते, आणि विष्ठेत ताजं लाल रक्त दिसतं ते मुख्यतः हिच्यामुळे. नेकॅट्रिक्स मधल्या आतड्याची भिंत फाडते. ती सर्वांत घातक मानली जाते आणि थोड्या मोठ्या वयाच्या पक्ष्यांवर येते. उरलेल्या तिघी म्हणजे ब्रुनेटी, मायटिस आणि प्रिकॉक्स. यांतल्या काही जाती रक्त दाखवतच नाहीत. पिल्लं मरत नाहीत, फक्त वाढत नाहीत, आणि शेडवाल्याला वाटतं की या वेळी पिल्लंच हलकी आली.

एका जातीचा आजार होऊन गेला म्हणून दुसऱ्या जातीपासून संरक्षण मिळत नाही. टेनेलातून वाचलेलं पिल्लू नेकॅट्रिक्ससाठी अगदी कोरं असतं. मॅक्झिमाची गोष्ट तर आणखी पुढची आहे. इंग्लंडमधल्या हॉटन आणि वेब्रिज या दोन ठिकाणी मिळालेले तिचे वाण एकाच जातीचे आहेत. तरी एका वाणाचा संसर्ग होऊन गेलेल्या कोंबडीला दुसऱ्या वाणापासून पुरतं संरक्षण मिळत नाही, असं प्रयोगांत दिसलं. म्हणजे सात जाती मोजून काम भागत नाही. जातीच्या आतही फरक आहेत, आणि ते कोंबडीच्या शरीराला ओळखू येण्याइतके मोठे आहेत.

तुसातून पोटात, पोटातून तुसात

आजारी पिल्लाच्या विष्ठेतून जाड कवचाचे सूक्ष्म गोळे बाहेर पडतात. त्यांना ऊसिस्ट म्हणतात. बाहेर पडताना ते कच्चे असतात आणि तेव्हा कुणी खाल्ले तरी रोग होत नाही. ओल, हवा आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकतात. पिकलेल्या प्रत्येक ऊसिस्टमध्ये चार कुप्या आणि प्रत्येक कुपीत दोन अळीसारखे जीव, असे आठ हल्लेखोर तयार होतात. जळगावच्या जुलै-ऑगस्टमधली हवा त्यांना नेमकी मानवते. मे महिन्यातलं कोरडं, भाजणारं ऊन मानवत नाही. उन्हाळ्यात हगवण कमी आणि पावसात जास्त का, याचं उत्तर इतकं सरळ आहे.

दाणा टिपताना पिल्लू हे ऊसिस्ट गिळतं. दाणे भरडणाऱ्या कप्प्यात बाहेरचं कवच फुटतं. मग आतड्यातल्या पाचकरसानं आणि पित्तानं आतले जीव मोकळे होतात आणि आतड्याच्या पेशींत शिरतात. तिथे एकाचे अनेक, त्या अनेकांचे पुन्हा अनेक, असे गुणाकार होतात. प्रत्येक वेळी पेशी फुटतात आणि आतड्याचं अस्तर सोलवटतं. काही फेऱ्यांनंतर नर आणि मादी पेशी बनतात, त्यांचं मीलन होतं आणि नवे ऊसिस्ट विष्ठेतून बाहेर पडतात. ही सगळी फेरी चार ते सात दिवसांची. जातीनुसार एका ऊसिस्टपासून काही हजारांपासून काही लाखांपर्यंत नवे ऊसिस्ट तयार होऊ शकतात.

गावरान कोंबडीचं कोडं इथेच सुटतं. तिच्या अंगणातही ऊसिस्ट असतात, पण ते विखुरलेले. तिची पिल्लं रोज थोडे थोडे ऊसिस्ट गिळतात, आतड्याला थोडी इजा होते आणि त्याच वेळी प्रतिकारशक्ती तयार होत जाते. बंद शेडमध्ये हजारो पिल्लं एकाच गादीवर, एकाच वयाची आणि सगळीच कोरी असतात. तिथे चौथ्या आठवड्यापर्यंत तुसातल्या ऊसिस्टांची संख्या एवढी वाढते, की शरीराला शिकायला वेळच मिळत नाही. गावरान कोंबडीची जात काटक असते हे खरं आहे. पण तिच्या तगून राहण्यात जातीइतकाच वाटा तिच्या मोकळ्या राहणीचा आहे. मात्र ती निरोगी दिसते म्हणून तिच्या पोटात परजीवी नाही असं समजू नये. अनेकदा तिच्यात दोन-तीन जाती एकत्र नांदत असतात.

केळीचा कंद आणि वांग्याचं बी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकाच जातीचे परजीवी एकमेकांपासून वेगळे कसे होतात?

जळगाव जिल्ह्यातल्या वाचकाला केळी शिकवायला नको. केळीला बी धरत नाही. कंद लावा नाहीतर टिश्यू कल्चरचं रोप, येणारं झाड मूळ झाडाची नक्कल असतं. म्हणून सगळी बाग एका गुणाची, आणि एखादा रोग आला तर सगळीच बाग त्याला सारखी बळी पडणारी. वांग्याचं तसं नाही. असोद्याच्या भरताच्या वांग्याचं बी घरी धरताना शेजारी दुसरं वाण असलं आणि मधमाशीनं पराग इकडचा तिकडे केला, तर पुढच्या वर्षी काही झाडांची फळं वेगळीच निघतात. आयमेरिया एका आठवड्यात या दोन्ही गोष्टी करतो. पेशीत शिरल्यावर तो केळीसारखा वाढतो, म्हणजे आपल्याच नकला काढत सुटतो. शेवटी तो वांग्यासारखं बी धरतो, म्हणजे नर-मादीच्या मीलनातून नवा ऊसिस्ट बनवतो.

नकला काढतानाही चुका होतात. टेनेलाच्या जनुकसंचात पाच कोटींहून जास्त अक्षरं आहेत. इतकी अक्षरं पुन्हा पुन्हा उतरवताना कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका निरुपयोगी असतात, काही परजीवीच्याच मुळावर येतात. पण हजारो पिल्लांच्या शेडमध्ये ऊसिस्टांची संख्या अब्जावधींत जाते, आणि एवढ्या गर्दीत कोटीत एकदा होणारी चूकही कुठेतरी झालेली असतेच. शिवाय आयमेरिया बहुतेक आयुष्य जनुकांच्या एकाच संचावर जगतो. आपल्यात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एकीतली चूक दुसरीच्या आड लपून राहते. त्याला अशी आडोशाची जागा नाही. झालेला बदल ताबडतोब कामाला लागतो, मग तो फायद्याचा असो की तोट्याचा.

मीलनातून होणारा फेरबदल याहून वेगवान आहे. एका पिल्लाच्या पोटात एकच वाण असेल, तर नर आणि मादी दोन्ही त्याच वंशातून तयार होतात आणि मीलन होऊनही नवं काही निघत नाही. पण त्याच पिल्लानं दोन वेगळ्या वाणांचे ऊसिस्ट गिळले असतील, तर एकाचा नर आणि दुसऱ्याची मादी यांचं मीलन होऊ शकतं आणि दोघांच्या जनुकांची सरमिसळ होते. ही सरमिसळ होऊन जनुकांची नवी वाटणी होण्याचा टप्पा कोंबडीच्या पोटात घडत नाही. ऊसिस्ट बाहेर पडून पिकू लागतो तेव्हा, शेडमधल्या ओलसर तुसात तो घडतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओल्या तुसाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली.

औषध काय करतं

औषध परजीवीला प्रतिकार शिकवत नाही. आधीपासून असलेल्या प्रतिकारक्षम परजीवींची ते निवड करतं. साधे परजीवी मरतात, न मरणारे उरतात, आणि पुढच्या बॅचच्या पिल्लांसाठी तुसात तेवढेच वाट पाहत असतात.

ही निवड किती लवकर होते, हे औषधाच्या कामावर अवलंबून असतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस क्विनोलोन गटातली औषधं या रोगावर आली आणि थोड्याच काळात निकामी ठरू लागली. ती परजीवीच्या श्वसनयंत्रणेतल्या एका प्रथिनावर नेमका घाव घालतात. त्या प्रथिनाच्या जनुकात एखादंच अक्षर बदललं तरी घाव चुकतो. याउलट १९७१मध्ये अमेरिकेत मोनेन्सिन हे आयनोफोर गटातलं औषध खाद्यातून वापरायला सुरुवात झाली आणि हा गट बराच टिकला. तो परजीवीच्या पेशीतलं क्षारांचं संतुलनच बिघडवतो, त्यामुळे एखाद्या अक्षराच्या बदलानं त्यातून सुटका होत नाही. तरी वर्षानुवर्षांच्या वापरानंतर त्यालाही दाद न देणारे परजीवी निघालेच.

आपल्याकडे पाण्यातून सर्रास दिलं जाणारं अॅम्प्रोलियम तिसऱ्याच वाटेनं काम करतं. त्याची रचना बी-१ जीवनसत्त्वासारखी असते. परजीवी फसून तेच घेतो आणि खऱ्या बी-१वाचून उपाशी मरतो. म्हणून या औषधाबरोबरच बी-कॉम्प्लेक्स देऊ नये. त्यातल्या बी-१मुळे परजीवीला त्याचं अन्न आयतं मिळतं आणि औषध बोथट होतं. पिल्लं अशक्त दिसतात म्हणून मायेनं दोन्ही एकत्र देणारे पुष्कळ जण असतात. काही शेडमधलं ‘न लागू पडलेलं’ औषध खरं तर असं वाया गेलेलं असतं.

आता यात मीलनाची भर घाला. अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस जेफर्स यांनी १९७०च्या दशकात टेनेलाचे दोन वाण घेतले. एक वाण एका औषधाला दाद न देणारा, दुसरा दुसऱ्या औषधाला. दोन्हींचा संसर्ग एकाच वेळी त्याच पिल्लांना दिला, आणि निपजलेल्या ऊसिस्टांमध्ये दोन्ही औषधांना न जुमानणारे परजीवी सापडले. शेजारच्या शेडमधून बूट, क्रेट, खाद्याची पोती किंवा जुना तूस आपल्या शेडमध्ये येतो तेव्हा नकळत आपण हाच प्रयोग करत असतो.

हेच हत्यार उलटवता येतं

याच जेफर्स यांनी १९७५मध्ये परजीवीच्या विविधतेचा उपयोग कोंबडीसाठी करून दाखवला. पिल्लांना संसर्ग द्यायचा, सगळ्यांत आधी बाहेर पडणारे ऊसिस्ट तेवढे गोळा करायचे, तेच पुढच्या पिल्लांना द्यायचे, आणि हे पुन्हा पुन्हा करत राहायचं. गडबडीनं वाढणाऱ्या परजीवींची अशी निवड होत गेली, की त्यांच्या गुणाकारातल्या फेऱ्या कमी झाल्या. फेऱ्या कमी म्हणजे आतड्याची नासाडी कमी. पण कोंबडीचं शरीर त्यांना ओळखून प्रतिकारशक्ती पूर्ण तयार करतं. अशा सौम्य वाणांच्या जिवंत लसी १९८०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात बाजारात आल्या.

या लसींचा एक फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. लसीतले वाण औषधांना बळी पडणारे असतात. लस दिलेल्या शेडमध्ये ते स्थानिक परजीवींत मिसळतात, त्यांच्याशी मीलन करतात, आणि काही बॅचनंतर त्या शेडमध्ये जुनी औषधं पुन्हा लागू पडू लागल्याचं आढळलं आहे. जी सरमिसळ प्रतिकार पसरवते, तीच तो पातळही करते.

मर्यादा मात्र आहे. ऑस्ट्रेलियात काही आयमेरिया असे सापडले, की त्यांचे जनुक सातांपैकी कुणाशीच जुळेनात. पुढे आफ्रिकेतही ते दिसले. २०२१मध्ये त्यांना स्वतंत्र जातींचा दर्जा मिळाला आणि लाटा, नागांबी आणि झारिया अशी नावं पडली. नागांबी हे ऑस्ट्रेलियातलं गाव, झारिया हे नायजेरियातलं शहर. सात जातींसाठी बनवलेल्या लसी या तिघींपासून संरक्षण देत नाहीत असं त्याच अभ्यासात दिसलं. सूक्ष्मदर्शकाखाली ऊसिस्टचा आकार पाहून इतकी वर्षं जाती ओळखल्या जात होत्या, त्यामुळे या तिघी नजरेतून सुटत राहिल्या. पीसीआर चाचणीनं, जी कोरोनाच्या काळात घराघरांत माहीत झाली, त्या पकडून दिल्या.

दिलासा देणारी गोष्टही आहे. भारत आणि आफ्रिकेतले नमुने घेऊन झालेल्या टेनेलाच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले. पेशीत शिरण्यासाठी परजीवीला लागणाऱ्या एका महत्त्वाच्या प्रथिनात फारच थोडी विविधता त्यात आढळली. हिवतापाच्या परजीवीत हेच प्रथिन सतत रूप बदलतं आणि लस बनवणाऱ्यांना चकवतं. आयमेरियाची कोंबडीतली फेरी आठवड्याभरात आटोपते. शरीर जागं होईपर्यंत त्याचं काम झालेलं असतं, म्हणून रूप बदलत लपण्याची त्याला तितकी गरज पडत नाही. नव्या पिढीच्या लसीसाठी हे प्रथिन आशेची जागा आहे.

उत्तर, दक्षिण आणि मधला खानदेश

भारत या अभ्यासांत एका खास कारणानं महत्त्वाचा आहे. टेनेलाची जनुकीय विविधता काही भूभागांत जास्त, काही भूभागांत कमी आढळते, आणि या दोन प्रकारांमधली सीमा आपल्या देशातून जाते. तिचं कारण शोधण्यासाठी उत्तरेतल्या १०७ आणि दक्षिणेतल्या १३३ फार्मवरून विष्ठेचे नमुने घेतले गेले. तो अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरेतल्या मोठ्या ब्रॉयलर फार्मना आयमेरियाचा धोका सर्वांत जास्त होता आणि तिथे घातक नेकॅट्रिक्स जास्त सापडली. दक्षिणेत टेनेला एकंदर कमी, पण लहान-मोठ्या सगळ्या प्रकारच्या फार्मवर सारखी पसरलेली. म्हणजे शेड कुठे आहे, केवढी आहे आणि कशी चालवली जाते, याचाही परजीवीच्या घडणीशी संबंध असू शकतो. सातपुड्याच्या पायथ्याचा खानदेश या उत्तर-दक्षिणेच्या सांध्यावर बसलेला आहे. पिल्लं, खाद्य आणि गाड्या इथून दोन्ही बाजूंना जातात-येतात. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या अनुभवावरून इथलं औषध ठरवणं मला धोक्याचं वाटतं.

चौकट: शेडमध्ये लक्षात ठेवण्यासारखं

• ड्रिंकरखालचा ओला तूस रोज काढावा. ऊसिस्ट पिकायला एक-दोन दिवस लागतात, तेवढ्यात तो बाहेर गेला पाहिजे.
• नेहमीची जंतुनाशकं ऊसिस्टच्या कवचापुढे बहुतेक निष्प्रभ ठरतात. कोरडेपणा आणि उष्णता त्याला मारते. बॅच गेल्यावर फ्लेम गननं जमीन भाजणं उपयोगी पडतं.
• औषधाची मात्रा किंवा दिवस कमी करू नयेत. अर्ध्या मात्रेत निम्मे-अर्धे प्रतिकारक्षम परजीवीही तगतात आणि पुढे मीलनातून पूर्ण प्रतिकारक्षम होऊ शकतात.
• एकच औषध बॅचमागून बॅच चालवू नये. फेरबदल पशुवैद्यकाच्या सल्ल्यानंच करावा, आणि औषधानंतर पक्षी विकण्याआधी किती दिवस थांबायचं तेही विचारून घ्यावं.
• दुसऱ्याच्या शेडमध्ये घातलेले बूट आपल्या शेडमध्ये आणू नयेत.

औषध लागू पडत नसेल तर दुसरी बाटली आणण्याआधी ताजं मेलेलं एखादं पिल्लू काही तासांच्या आत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आतड्याच्या कोणत्या भागात जखमा आहेत हे शवविच्छेदनात दिसतं आणि कोणती जात असावी याचा अंदाज तिथेच येतो. पुढची तपासणी लागली तर पुण्यात औंधला राज्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. कोणत्या बॅचला कोणतं औषध दिलं आणि त्याचा काय परिणाम झाला, हे वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला व पशुसंवर्धन खात्याला एक विनंती: जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शेडमधून पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नमुने घेऊन इथल्या आयमेरियाच्या जातींचा, वाणांचा आणि औषधांना असलेल्या त्यांच्या प्रतिकाराचा नकाशा तयार करावा, आणि तो मराठीत इथल्या शेतकऱ्यांच्या हाती द्यावा.